पाईप सोडवला, बार शिकवला

माझी सगळी नोकरी दुसऱ्यांच्या खिशात हात घालण्यात गेली. रसायनीच्या एका रासायनिक कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी होतो. सुरक्षा अधिकारी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दंडुकेवाला वॉचमन उभा राहतो. कर्जतला आमच्या आळीतले एक काका मी निवृत्त होईपर्यंत विचारायचे, "काय गुप्ते, ड्यूटीवर खुर्ची तरी देतात ना?" पहारा देणारे वेगळे. माझं काम म्हणजे आग लागू नये, कुणी टाकीत उतरून गुदमरू नये, कुणाच्या अंगावर ॲसिड उडू नये, हे बघण्याचं. हे काम नीट झालं तर काहीच घडत नाही. आणि काहीच घडलं नाही की वरचे साहेब विचारतात, गुप्ते, तुम्ही दिवसभर नक्की करता काय?

आमच्याकडे पेटणाऱ्या द्रव्यांच्या टाक्याच्या टाक्या भरलेल्या असायच्या. त्यामुळे गेटच्या आत आगकाडी न्यायची नाही, हा पहिला नियम. गेटवर एक लाकडी कपाट होतं, त्याला लहान लहान कप्पे आणि प्रत्येक कप्प्यावर कामगाराचा नंबर. आत जाताना काडेपेटी, लायटर, विडी, सिगारेट जो तो आपल्या कप्प्यात ठेवायचा आणि सुटल्यावर घेऊन जायचा. शिवाय मी अधूनमधून स्वतः उभा राहून खिसे तपासायचो. टिफिनच्या खालच्या डब्यात, मोज्यात, एकदा तर गणपतीच्या फोटोच्या फ्रेममागेही मला काड्या सापडल्या आहेत. देवाच्या मागे लपवलेली काडी सापडल्यावर तो माणूस मलाच म्हणाला, "साहेब, तुमी देवाला पण सोडत नाय."

मला हातोहात फसवलं ते धर्मानं. धर्मा हा डोंगराकडच्या ठाकूरवाडीतून येणारा म्हातारा, कंत्राटदाराकडून बागकामाला होता. बांबूच्या बेटामागून रोज दुपारी विडीचा वास यायचा. धर्माकडे काडी सापडायची नाही. तीनदा तपासला. शेवटी मी त्याला खिसे उलटे करायला लावले, तर निघाली एक गारगोटी, लोखंडाचा एक वाकडा तुकडा आणि बांबूच्या नळीत कोंबलेला कापूस. चकमक! गेटवरचा पोरगेला वॉचमन रोज ते सगळं हातात घेऊन बघायचा आणि परत द्यायचा.

"काडी कुठं हाय सायेब? दगुड हाय," धर्मा शांतपणे म्हणाला.

त्याचं बरोबर होतं. आमच्या यादीत काडेपेटी होती, लायटर होता, दगड नव्हता. दुसऱ्या दिवशी मी यादीत हातानं लिहिलं, 'चकमक व तत्सम दगड'. पुढे काही वर्षांनी मुंबईहून तपासणीला आलेल्या एका साहेबांनी ते वाचलं आणि विचारलं, तुमच्याकडे अजून अश्मयुग चालू आहे का? मी त्यांना धर्माची गोष्ट सांगितली. ते इतके हसले की आग विझवायच्या सिलिंडरांच्या तारखा बघायचंच विसरले, आणि त्या वर्षी ते माझ्या पथ्यावरच पडलं.

इब्राहिमभाई खोत मात्र लपवाछपवी करणाऱ्यांतले नव्हते. ते आमचे पंप फिटर. कारखान्यात साठ-सत्तर पंप होते आणि इब्राहिमभाई नुसत्या आवाजावरून सांगायचे की कुठला आज रडणार आहे. उंच, दाढीवाला, सावकाश बोलणारा माणूस. त्यांचे वडील जहाजावर इंजिनरूमला होते आणि त्यांनी बंदरोबंदरी फिरून तीन पाईप आणले होते, खरे लाकडी, वाकड्या दांडीचे. वडिलांमागे ते इब्राहिमभाईंकडे आले. एरवी साधा खाकी शर्ट आणि रबरी चपला घालणारा हा माणूस पाईप तोंडात धरला की मालकच वाटायचा. कर्जतला आमच्या दहिवलीच्या पुलावर संध्याकाळी ते पाईप ओढत उभे असले की शाळेतून येणारी मुलं थांबून बघायची.

त्यांचा पाईपही कपाटात असायचा, पण कप्प्यात मावायचा नाही, दांडी बाहेर यायची. जेवणाच्या सुट्टीत ते गेटबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन निवांत दोन झुरके घ्यायचे. ती विडी-सिगारेटवाल्यांसाठीच काढलेली जागा होती. मग कारखाना वाढला, नवी टाकी उभी राहिली, आणि टाकीभोवती जेवढं अंतर मोकळं ठेवायचा नियम होता, त्याच्या आत ती शेड आली. शेड बंद करण्याच्या कागदावर सही माझीच होती.

सिगारेटवाल्यांनी दोन दिवस शिव्या दिल्या आणि ते गप्प झाले. इब्राहिमभाईंचं बिनसलं. हेल्परवर ओरडायला लागले. एकदा उलटी गॅस्केट बसवली, जे त्यांच्या हातून कधी घडलं नव्हतं. आणि एका दुपारी भंगाराच्या ढिगामागे मला ते सापडले, भिंतीकडे तोंड करून उभे. हात मागे. मी हात पुढे घ्यायला सांगितलं. हातात पाईप होता. मी तो घेतला आणि पाईपची वाटी माझ्या तळहाताला चटकली.

नियमाप्रमाणे मी वर कळवलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून ते घरी बसले असते. यात दुमत नव्हतं. आत काडी ओढणाऱ्याला माफी नाही. आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो. ते म्हणाले, "गुप्तेसाहेब, माझं डोकं फिरतं हो. हात थरथरतो. मी काय मुद्दाम नाय केलं." एवढा मोठा माणूस शाळेतल्या पोरासारखा खाली बघत होता आणि मला त्यांच्यापेक्षा माझीच लाज वाटली.

मी कळवलं नाही. खिशातून माझी पुडी काढली.

मला तंबाखूची सवय होती, हे सांगायचं राहिलं. कॉलेजपासूनची. आगीचा धोका नाही, धूर नाही, कुणाला त्रास नाही, म्हणून मी स्वतःला आदर्श व्यसनी समजायचो. सुरक्षा सप्ताहात माझ्या भाषणात एक वाक्य ठरलेलं असायचं, "ओढू नका. अगदीच राहवत नसेल तर मळा." त्यावर टाळ्या पडायच्या. आमच्या कामगारांत तंबाखूच्या चिमटीला बार म्हणतात, दाढेखाली किंवा ओठात दाबला की बार भरला. माझ्या भाषणानंतर त्याला 'सेफ्टीचा बार' असं नाव पडलं आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. एकदा एका ऑपरेटरला पाईपलाईन गळताना दिसली, तर तोंडात बार असल्यामुळे त्याला ओरडता येईना. तो माझ्यापुढे येऊन नुसता हुं हुं करत हातवारे करत राहिला. मी ते दर वर्षी विनोद म्हणून सांगायचो. त्यात धोका आहे हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

तर त्या भंगाराच्या ढिगामागे मी इब्राहिमभाईंना बार लावायला शिकवला. डाव्या तळहातावर तंबाखू घ्यायची, डबीतला चुना नखानं चिमूटभर लावायचा, उजव्या अंगठ्यानं दाबून मळायचं, मग दोन टाळ्या मारून भुकटी उडवायची, आणि उरलेलं खालच्या ओठात. भुकटी उडाली आणि ते लागोपाठ सहा वेळा शिंकले. बार भरल्यावर त्यांना उचकी लागली, डोळ्यांत पाणी आलं, भिंतीला हात टेकला.

"यात मजा काय हाय?" त्यांनी विचारलं.

"आठ दिवस द्या," मी म्हणालो. "नोकरी राहील."

आठ दिवसांत ते माझ्यापेक्षा बरं मळायला लागले. फिटरचा अंगठा तो. पाईप त्यांनी घरी नेऊन ठेवला, त्यांचा हात थांबला, पंप पुन्हा सुरळीत. एक माणूस वाचवला, एक आग टाळली, असं मी मनाशी म्हणत होतो. झुबेदाभाबी, म्हणजे इब्राहिमभाईंची बायको, एकदा बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "भाऊ, पाईप ओढायचे तवा मला वासानं कळायचं किती ओढला. आता काय खातात, किती खातात, कायच कळत नाय." मी हसून विषय बदलला.

आता थोडं आमच्या मालाबद्दल सांगायला हवं. रंग बनवायला लागणारं एक पिवळट, तेलकट द्रव्य आमच्याकडे असायचं. कामगार त्याला नुसतं 'नायट्रो' म्हणत. वास बुटाच्या पॉलिशसारखा, गोडसर. ते पोटात गेलं किंवा नुसतं कातडीतून आत मुरलं तरी रक्त बिघडवतं. रक्त फिरत राहतं, पण प्राणवायू उचलत नाही. माणूस श्वास घेतो आणि तरी आतून गुदमरतो. त्याची खूण म्हणजे ओठ आणि नखं निळी पडतात, पण ती लगेच नाही, दोन-तीन तासांनी. म्हणून हातमोजे, म्हणून वेगळे कपडे, म्हणून जेवणाआधी साबणानं हात धुणं. हे सगळं मी शिकवायचो. जेवणाआधी, असंच शिकवायचो. बार मळणं हे कुणाच्याच हिशेबी जेवण नव्हतं, माझ्या तर नव्हतंच.

त्या दिवशी आम्ही दोघं पहिल्या पाळीला होतो. साडेतीनला कंपनीची बस कर्जतकडे निघाली. बाळाराम ड्रायव्हर. मी पुढे, इब्राहिमभाई माझ्यामागच्या बाकावर. बसताना म्हणाले, "आज डोकं लई धरलंय." मी म्हटलं, ऊन आहे. त्यांनी पुडी काढली, मळली, भरली. चौक गाव गेलं. मागून पुन्हा टाळ्यांचा आवाज आला. मी मनात म्हटलं, आज काय जोरात चाललंय. वावर्ल्याच्या पुढे मला त्यांना काहीतरी विचारायचं होतं म्हणून मी वळलो.

ते खिडकीला डोकं टेकून बसले होते. मला वाटलं, झोपलेत. पण बाहेरून उन्हाची तिरीप तोंडावर पडली होती आणि दाढीतले ओठ मला जांभळट दिसले. बसच्या पडद्यामुळे तसं दिसतंय असं वाटून मी पडदा सारला. ओठ तसेच. हात उचलून बघितला. नखं शाईत बुडवल्यासारखी निळी.

"इब्राहिमभाई!"

त्यांनी डोळे उघडले. "चक्कर येते हो," म्हणाले, तेही अर्धवट. बसमध्ये एकच गलका झाला. कुणी म्हणालं हार्ट अटॅक, कुणी म्हणालं पाणी मारा. बाळारामनं आरशातून बघितलं आणि गाडी दामटली. "साहेब, कर्जत पंधरा मिंटांत गाठतो. सरळ दवाखान्यात घालतो."

मला त्याच वेळी त्यांच्या तोंडाचा वास आला. तंबाखूचा, चुन्याचा, आणि त्यात मिसळलेला तो गोडसर पॉलिशचा वास.

"आज कुठला पंप उघडला होतात?"

"नायट्रोचा... ग्लँड गळत होता. बारा वाजता."

"हातमोजे?"

"फाटला होता एक."

तेवढ्यात मला सगळं कळलं. फाटक्या मोज्यातून तळहाताला नायट्रो लागलं होतं. साबण जेवणाआधी लावला असेल नसेल, पण त्या हातानं बारापासून तंबाखू मळणं चाललं होतं. पुडीतली सगळी तंबाखू त्यात भिजली होती. डोकं धरलं की त्यांना वाटायचं तंबाखूची तलफ आली, म्हणून ते आणखी एक बार भरायचे. आणि आत्ता, या क्षणी, त्यांच्या ओठात तोच बार होता.

मी त्यांच्या तोंडात बोट घातलं. त्यांनी तोंड मिटायचा प्रयत्न केला. मी दुसऱ्या हातानं जबडा धरला आणि खालच्या ओठातून, गालातून तो सगळा चोथा खरवडून काढला, बाटलीतलं पाणी ओतून चुळा भरायला लावल्या. मग ओरडलो, "बाळाराम, गाडी फिरव."

"फिरव? साहेब, दवाखाना पुढं हाय!"

"दवाखान्यात याचं औषध नसेल. आपल्याकडे आहे. फिरव."

कुणालाच ते पटत नव्हतं. मागचा एकजण उठून म्हणाला, "साहेब, मानूस मरतोय आन् तुमी उलटे निघालात?" त्याचं चुकत नव्हतं. हा हृदयाचा झटका असेल तर मी माणसाला डॉक्टरपासून लांब नेत होतो, हे मला कळत होतं. पुढे पंधरा मिनिटं, मागे अर्धा तास. माझा सगळा भरवसा एका वासावर होता. मी दांडा धरून उभा राहिलो आणि पुन्हा म्हणालो, "फिरव, जबाबदारी माझी." बाळारामनं एक शिवी हासडली, कुणाला ते मी विचारलं नाही, आणि रस्त्याच्या कडेच्या शेतात चाक घालून बस वळवली.

मी कारखान्याच्या दवाखान्यात फोन लावला. आमच्याकडे दुपारी एक डॉक्टरीणबाई यायच्या, त्या नेमक्या होत्या. मी म्हटलं, "निळे ओठ. नायट्रो. निळं इंजेक्शन घेऊन ॲम्ब्युलन्सनं निघा, चौक फाट्यावर भेटू." या विषावरचं औषधही गडद निळ्या रंगाचंच असतं. आम्ही ते कपाटात ठेवायचो, मुदत संपली की बदलायचो. माझ्या कारकिर्दीत ते कधी उघडलं नव्हतं. मुदत कधी तपासली होती ते मला आठवेना, आणि चौक येईपर्यंत मी तेच आठवत होतो.

चौक फाट्यावर ॲम्ब्युलन्स उभी होती. बाईंनी आधी तपासायला रक्त काढलं. सुईतून आलेलं रक्त तांबडं नव्हतं, चॉकलेटी होतं. बाई माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "बरोबर आहात." आणि निळं इंजेक्शन शिरेतून हळूहळू सोडायला लागल्या. तोंडावर प्राणवायूचा मास्क. बसमधली सगळी माणसं खाली उतरून ॲम्ब्युलन्सच्या दाराशी उभी. रस्त्यावरचे टेंपोवाले हळू होऊन बघत होते. मी इब्राहिमभाईंची नखं बघत बसलो. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग अंगठ्याचं नख आधी उजळलं. मग तर्जनीचं. मग त्यांनी मास्क बाजूला केला आणि विचारलं, "बस का थांबली?"

मला रडू कोसळलं. लाज वाटायचं कारण नव्हतं, बाळारामही रडत होता. मघाशी मला उलटं बोललेल्या माणसानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तिथंच माझ्यासाठी चहा मागवला. तसा चहा मी पुन्हा प्यायलो नाही.

बाईंनी त्यांना पनवेलच्या एका इस्पितळात नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर इब्राहिमभाई गादीवर बसून नर्सशी हुज्जत घालत होते. मला बघताच त्यांनी जवळ बोलावलं आणि कानात म्हणाले, "साहेब, एक इचारायचं हाय. लघवी हिरवी होतेय. पोपटासारखी. झुबेदाला सांगू नका, घाबरंल." निळ्या औषधानं तसं होतंच. मी त्यांना ते सांगितलं आणि दोघंही खिडकीच्या काचा हादरतील इतके हसलो. नर्सनं मला बाहेर काढलं.

बाहेर बाकावर भाबी होत्या. मला बघताच उठून उभ्या राहिल्या. "भाऊ, सगळे सांगतात, तुमी गाडी फिरवलीत म्हनून हे वाचले. अल्ला तुमचं भलं करो." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मला ते ऐकवेना. रात्रभर माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. मी म्हणालो, "भाबी, तंबाखू त्यांना मी शिकवली. माझ्याच पुडीतली पहिली चिमूट."

पदर तसाच डोळ्यांशी. मग त्यांनी हात पुढे केला. "द्या."

मी खिशातली पुडी आणि चुन्याची डबी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती पर्समध्ये टाकली आणि परत बाकावर बसल्या. म्हणाल्या, "शिकवलीत तुमी, सोडवायची पन तुमीच. दोघांनी."

तरीही मी किती मुरलेला होतो बघा. त्याच दिवशी इब्राहिमभाईंना बघायला आलेल्या डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, "मॅडम, समजा नीट साबणानं हात धुऊन मळली, तर?" इतकं होऊनही मी धर्मासारखी नियमातली पळवाट शोधायला निघालो होतो. बाई मला म्हणाल्या, "तोंड उघडा." बॅटरी मारली, खालचा ओठ ओढला. मग इब्राहिमभाईंचं बघितलं. दोघांच्याही बार ठेवायच्या जागी कातडी पांढरी, सुरकुतलेली. माझी जास्त. बाई म्हणाल्या, "काल विष नायट्रोचं होतं. हे त्याच्याशिवायचं आहे. आज थांबलात तर बहुतेक जाईल. नाही गेलं तर तुकडा काढून तपासू." धूर नाही म्हणजे धोका नाही, हे मी इतकी वर्षं कोणाकोणाला पटवलं होतं, ते चेहरे माझ्यापुढून एकेक सरकले.

अपघाताचा अहवाल मीच लिहायचा होता. 'कारण' या रकान्यात मी लिहिलं, फाटका हातमोजा, आणि त्याखाली, आत तंबाखू मळण्यास सुरक्षा अधिकाऱ्याने दिलेलं उत्तेजन. साहेबांनी ती ओळ काढायला सांगितली. मी काढली नाही. पाईपबद्दल मात्र मी काही लिहिलं नाही, कारण त्यात इब्राहिमभाईंची नोकरी गेली असती. तो कारखाना आता दुसऱ्याच मालकाकडे आहे आणि आम्ही दोघंही निवृत्त, म्हणून आज पहिल्यांदाच लिहितो आहे. अहवाल दिल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तंबाखूच्या पुड्या आणि चुन्याच्या डब्याही गेटच्या कपाटात जायला लागल्या. 'सेफ्टीचा बार' म्हणून चिडवत कामगारांनी मला कपाटासमोरच ओवाळलं. आग बंद केलीत, धूर बंद केलात, आता थुंकीपण बंद, असं म्हणाले. ऐकून घेतलं.

तंबाखू सोडणं म्हणजे काय ते मी सांगत बसत नाही. बडीशेप, लवंग, च्युइंगम, सगळं झालं. पहिला महिना मी घरी कुणाशीच धड बोललो नाही. दर शुक्रवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या वारी, दुपारी इब्राहिमभाई मशिदीतून आले की मला त्यांच्या घरी जेवायला बोलावणं असे. जेवण निमित्त. भाबी आधी बॅटरी घेऊन यायच्या, दोघांना खिडकीपाशी बसवायच्या आणि ओठ ओढून बघायच्या. दुसऱ्या महिन्यात मी स्टेशनामागच्या टपरीवर एक बार लावला होता. भाबींनी बॅटरी मारली, विझवली. "बुधवारी का गुरुवारी?" मी म्हटलं, "गुरुवारी." त्या दिवशी मला जेवण मिळालं, पण कुणी माझ्याशी बोललं नाही. इब्राहिमभाईसुद्धा. त्यानंतर पुन्हा कधी हात गेला नाही.

सहा महिन्यांनी आम्ही दोघं पनवेलला तोंडाच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी आरसा घातला, कापसानं पुसलं, बोट फिरवलं. इब्राहिमभाईंचं काहीच उरलं नव्हतं. माझ्यावेळी त्यांनी जरा जास्त वेळ घेतला. मी छताकडे बघत होतो आणि इब्राहिमभाईंनी माझा हात धरून ठेवला होता, त्यांच्या पंपाच्या हातानं. डॉक्टर म्हणाले, "स्वच्छ. तुकडा काढायची गरज नाही." बाहेर आल्यावर आम्ही दोघांनीही उसाचा रस प्यायला.

इब्राहिमभाईंच्या घरी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. आम्ही दारातूनच सांगितलं, दोघांचंही साफ आहे, डॉक्टरांनी लिहून दिलंय. मी कागद पुढे केला. भाबींनी तो घेतला नाही. बॅटरी आणली. निवृत्तीला आलेले आम्ही दोघं बाप्ये खिडकीपाशी आ करून बसलो. त्यांनी आधी नवऱ्याचं बघितलं. मग माझं बघितलं, दोन्ही बाजूंनी, सावकाश. बॅटरी बंद केली आणि फळीवर ठेवून दिली.

मग म्हणाल्या, "जा, हात धुवा. जेवन वाढते."